घर कुणाचं? पंचगंगा घाटावरून मालकी हक्काची ओळख



या मालिकेत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. ‘घरपट्टी माझ्या नावावर आहे, मग मालक मीच ना?’ ‘तीस वर्षं आम्हीच राहतोय, मग बहिणीचा हक्क कुठून आला?’ ‘लग्नात दिलं ना तिला, आता परत वाटा कशाला?’ या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: मालकी म्हणजे नेमकं काय? आज आपण तो काशीच्या पंचगंगा घाटावर उभं राहून समजून घेऊ. काशीच का, ते पुढे कळेलच. मराठी माणसाचा आणि मालमत्तेच्या कायद्याचा एक फार जुना धागा तिथे गुंतलेला आहे.

घाटावर कोण कशाचा मालक?

गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या इथे मिळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून हा पंचगंगा घाट. कार्तिकात इथे उंच वेळूंच्या टोकाला टोपल्या बांधून पितरांसाठी आकाशदीप लावतात. अहिल्याबाई होळकरांचा दगडी हजारा दीपस्तंभ इथेच आहे. बिंदुमाधवाचं जुनं मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं आणि त्या जागी मशीद उभी राहिली. आजचं बिंदुमाधव मंदिर जवळच एका घरासारख्या इमारतीत आहे आणि ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. (जुन्या प्रार्थनास्थळांच्या जागांना १९९१ चा वेगळा कायदा लागतो. तो आजचा विषय नाही.) शेजारचे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट म्हणजे तर काशीतली जुनी मराठी वस्ती. थोडं पुढे भोसले घाट आणि शिंदे घाट.

आता पायरीवर उभं राहून सभोवार बघा. या पायरीवरून उतरायला, आंघोळ करायला तुम्हाला कुणी अडवत नाही. पण ती पायरी तुम्हाला विकता येत नाही, तिच्यावर खोली बांधता येत नाही. छत्रीखाली चौकीवर घाटिया बसलाय. त्याचे वडीलही तिथेच बसत आणि बहुतेक त्याचा मुलगाही बसेल, पण खालचा दगड त्याच्या मालकीचा नाही. वर मंदिरात पुजारी रोज पूजा करतो, किल्ल्या त्याच्या कमरेला असतात, पण मंदिर त्याचं नाही. गल्लीतल्या घरात भाडेकरू राहतो, दाराला कुलूप त्याचं, पण घर त्याचं नाही. आणि ज्याचं घर आहे तो कदाचित नागपुरात बसलाय.

म्हणजे एकाच जागेवर अनेकांचे अनेक हक्क असतात. मालकी ही एक किल्ली नव्हे, तो किल्ल्यांचा जुडगा आहे. एक किल्ली वापरण्याची, एक उत्पन्न घेण्याची, एक दुसऱ्याला अडवण्याची, एक विकण्याची किंवा दान देण्याची, एक गहाण ठेवण्याची, आणि एक आपल्यामागे वारसांना ठेवून जाण्याची. पूर्ण मालकाकडे सगळा जुडगा असतो. भाडेकरूकडे ठरलेल्या मुदतीपुरती वापराची किल्ली असते. गहाणदाराकडे कर्ज वसूल करण्यापुरती असते. शेजाऱ्याला तुमच्या बोळातून जाण्याची वहिवाट असेल, तर त्या एका बाबतीत तुमची अडवण्याची किल्ली चालत नाही.

म्हणून कायद्याच्या दारात ‘हे कुणाचं?’ एवढं विचारून भागत नाही. कुठला हक्क, कुणाचा, आणि तो कशाच्या आधारावर आला, हे तिन्ही विचारावं लागतं. आजच्या भागातून एवढी सवय लागली तरी पुरे.

एक घर, तीन भावंडं

उदाहरणासाठी एक कुटुंब मनात उभं करू. पंचगंगेच्या वरच्या गल्लीत आजोबांनी १९६२ साली स्वतःच्या पगारातून एक घर विकत घेतलं. खरेदीखत नोंदवलेलं आहे. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. आजी आधी गेल्या, आजोबा १९८५ साली मृत्युपत्र न करता गेले. थोरला मुलगा काशीतच त्या घरात राहतो. आपण त्याला थोरले काका म्हणू. धाकटे काका नोकरीनिमित्त नागपूरला. आत्या लग्न होऊन इंदूरला.

थोरले काका पालिकेचा कर भरतात. कागदावर नाव त्यांचंच लागलंय. घराची डागडुजी त्यांनी केली. आता घराला गिऱ्हाईक आलंय, आणि आत्याकडे एक कागद सहीसाठी आलाय: हक्कसोडपत्र. सोबत निरोप, ‘नुसती सही हवी आहे. भाऊबीजेला येशील तेव्हा करून टाक.’

हे घर कुणाचं? उत्तर देण्याआधी पाच तत्त्वं बघू.

पहिलं तत्त्व: हक्क यायला वाट लागते

मालकी हवेतून येत नाही. गौतमाच्या धर्मसूत्रात मालकी मिळण्याच्या वाटा मोजून दिल्या आहेत: वारसा, खरेदी, वाटणी, मालक नसलेली वस्तू ताब्यात घेणं, सापडलेली वस्तू. शिवाय दान, जय आणि मोबदला या वाटा त्या काळच्या वर्णव्यवस्थेप्रमाणे वाटून दिल्या होत्या. आजच्या कायद्यातही मुख्य वाटा ओळखीच्याच आहेत: खरेदी, बक्षीस, मृत्युपत्र, वारसा, वाटणी.

प्रत्येक वाटेला तिची रीत आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा एकत्र वाचले, की सरळ नियम निघतो: शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदवलेलं खरेदीखत लागतं. साठेखत म्हणजे विक्री नव्हे, ते विकण्याचं वचन आहे. मुखत्यारपत्र म्हणजेही विक्री नव्हे. २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधून केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही. स्वस्तात मिळतं म्हणून असे व्यवहार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याच तत्त्वाचा दुसरा भाग: जे आपल्याकडे नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. थोरल्या काकांचा हक्क तिसऱ्या हिश्शाचा असेल, तर त्यांनी सगळं घर विकल्याचा कागद केला तरी घेणाऱ्याला तिसरा हिस्साच मिळेल. बाकीसाठी तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवेल. तसंच ‘वडील गेल्यावर मला मिळेल’ अशा नुसत्या आशेची विक्री होत नाही. वडील हयात असताना मुलाने आपला ‘होणारा वाटा’ विकला, तर कायदा त्याला विक्री मानत नाही.

दुसरं तत्त्व: कर भरणं म्हणजे मालकी नव्हे

इथे आपला काशीचा धागा हाती येतो. सोळाव्या शतकात पैठणहून रामेश्वरभट्ट नावाचे विद्वान काशीला जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट काशीतले मोठे धर्मशास्त्री झाले. याच घराण्यातले कमलाकरभट्ट, ज्यांचा ‘निर्णयसिंधु’ आजही पंचांगकर्ते उघडतात. याच घराण्यातले गागाभट्ट, ज्यांनी १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. आणि गागाभट्टांच्या वडिलांचे चुलतभाऊ म्हणजे नीलकंठभट्ट. त्यांनी बारा मयूखांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला ‘व्यवहारमयूख’ हा दावे, पुरावा, वाटणी आणि वारसा यांवरचा भाग.

नीलकंठांनी त्यात एक फार स्वच्छ विचार मांडला. एका राजाने दुसऱ्याचं राज्य जिंकलं, तर त्याला काय मिळतं? हरलेल्या राजाची स्वतःची घरं, शेतं, धन यांची मालकी मिळते. पण प्रजेच्या जमिनीवर हरलेल्या राजाला फक्त कर घेण्याचा हक्क होता, म्हणून जिंकणाऱ्यालाही तेवढाच मिळतो. जमीन ज्याची त्याचीच राहते. सतराव्या शतकात, मुघल अंमलाखालच्या काशीत बसून एका पैठणच्या घराण्यातल्या माणसाने हे लिहिलं. कर घेणं वेगळं आणि मालकी वेगळी.

हा भेद उलट बाजूनेही खरा आहे. कर घेणारा मालक होत नाही, तसा नुसता कर भरणाराही होत नाही. आपला सातबारा, फेरफार, पालिकेचा कर-उतारा, उत्तर प्रदेशातलं दाखिल-खारिज, ही सगळी कागदपत्रं मुळात महसूल आणि कर कुणाकडून घ्यायचा यासाठी आहेत. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी प्रकरणात सांगितलं आणि नंतरही वारंवार सांगितलं. याचा अर्थ हे कागद निरुपयोगी आहेत असा नाही. ताबा कुणाचा, कुटुंब कोणतं, नोंद कधी बदलली याचा तो पुरावा आहे. पण तलाठ्याने नाव लावलं म्हणून कुणी मालक होत नाही, आणि नाव लागायचं राहिलं म्हणून आत्याचा हक्क बुडत नाही.

तिसरं तत्त्व: ताब्यालाही मान आहे, पण मर्यादेत

ताबा ही मोठी गोष्ट आहे. कायदा ताबेदाराला आधी ऐकतो, कारण तसं नसेल तर जो तो मनगटाच्या जोरावर घरं रिकामी करील. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ प्रमाणे कायद्याची वाट सोडून कुणाला जागेतून हुसकावलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच निघत नाही. खरा मालक असाल तरी भाडेकरूचं सामान रस्त्यावर फेकता येत नाही.

आणि ताबा बारा वर्षं चालला तर? इथे फार गैरसमज आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे खाजगी मालकाविरुद्ध बारा वर्षं प्रतिकूल ताबा ठेवला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. सरकारविरुद्ध ही मुदत तीस वर्षं. पण ‘प्रतिकूल’ हा शब्द नीट ऐका. उघडपणे, अखंड, आणि मालकाचा हक्क नाकारून ठेवलेला ताबा असला पाहिजे. भाडेकरू परवानगीने राहतो, त्याचा ताबा प्रतिकूल नाही. पाहुणा म्हणून राहिलेला भाचा, राखणदार, पुजारी, यांचा नाही.

आणि भावंडांमध्ये? सहमालकांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने आहे असं कायदा मानतो. थोरले काका तीस वर्षं राहिले, तरी ते आत्याच्या वतीनेही राहिले. ‘तुझा हक्क मी मानत नाही’ असं त्यांनी आत्याला उघड सांगितलं, आणि त्यानंतर पुरती बारा वर्षं आत्या गप्प राहिली, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. दर दिवाळीला आत्या येऊन त्याच घरात चार दिवस राहत असेल, तर हे सिद्ध करणं कठीण आहे.

चौथं तत्त्व: वारसा कोणत्या कायद्याने?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. वारसा म्हटलं की दोन ग्रंथ मध्ये येतात. एक मिताक्षरा. विज्ञानेश्वरांनी तो कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. त्याचा गाभा असा, की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. वडील जाईपर्यंत थांबावं लागत नाही. बंगालचा दायभाग याच्या उलट: वडील गेल्यावरच हक्क.

दुसरा ग्रंथ नीलकंठांचा व्यवहारमयूख. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी ठरवलं, की गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मयूखाचा शब्द अखेरचा, आणि उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरेसोबत मयूखालाही मान. १८२७ साली बॉरोडेल यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि पुढे भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९२६ साली त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. म्हणजे गंगेकाठी लिहिलेलं पुस्तक मुंबईच्या हायकोर्टात चालू लागलं.

पुस्तकांच्या या फरकाने काय होतं? बहिणीचं उदाहरण घ्या. एखादा विभक्त भाऊ गेला. त्याला पत्नी, मुलं, आईवडील, सख्खे भाऊ, पुतणे, आजी, कुणीच नाही. मागे फक्त सख्खी बहीण आणि लांबचे चुलत-चुलत नातेवाईक. नीलकंठ म्हणतात, बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली आहे, म्हणून ती गोत्रज आहे, तिला वारसा मिळतो. मुंबई इलाख्यात न्यायालयांनी ते मानलं. काशीत मात्र मिताक्षरेचा अर्थ वेगळा लावला गेला. तिथे बहीण वारस नव्हती. मालमत्ता लांबच्या पुरुष नातेवाईकाकडे जाई आणि सख्खी बहीण दारात उभी राही. १९२९ च्या कायद्याने तिला तिथे वारसांच्या रांगेत जागा मिळाली. ज्या गावात बहिणीच्या बाजूचा युक्तिवाद लिहिला गेला, त्याच गावातल्या बहिणीला त्याचा उपयोग नव्हता.

पण मग काशीतल्या मराठी घरांचं काय? इथे जुन्या कायद्याचा एक सुंदर नियम होता. कुटुंब स्थलांतर करतं तेव्हा ते आपला वारसा-कायदाही बरोबर घेऊन जातं, असं न्यायालय धरून चाले. नव्या गावचा कायदा स्वीकारला असं कुणाला म्हणायचं असेल, तर ते त्याने सिद्ध करायचं. लग्न, मुंज, श्राद्ध कुठल्या पद्धतीने होतात, हे त्यासाठी तपासलं जाई. १९२० साली बळवंतराव विरुद्ध बाजीराव या, महाराष्ट्रातून मध्य प्रांतात गेलेल्या कुटुंबाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हाच नियम लावला. म्हणजे घरात पुरणाचा स्वयंपाक आणि देवघरात कुलदैवताचा टाक जपणं ही नुसती हौस नव्हती. बहिणीला, मुलीला वाटा मिळतो की नाही हे त्यावरून ठरू शकत होतं.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हे भेद बहुतांशी पुसले. आता तीन गोष्टी नीट लक्षात घ्या.

एक, वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता. मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांना सारखा वाटा, आणि तो १९५६ पासूनच. ‘मुलींना २००५ पासून हक्क मिळाला’ हे वाक्य अर्धवट आहे. स्वकष्टार्जित घरात तो आधीपासून होता. फक्त कलम २३ ची एक अडचण होती: कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीला स्वतःहून मागता येत नसे, भावांनी वाटणी करेपर्यंत थांबावं लागे. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून गेलं.

दोन, वडिलोपार्जित एकत्र मालमत्ता. यात जन्मतः हक्क फक्त मुलाला होता. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींसाठी दार उघडलं, आणि २००५ साली देशभर सगळ्या मुलींना मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मोडत नाहीत.

तीन, शेतजमीन. इथे आता कायदा कुटुंबासोबत चालत नाही, तो जमिनीत रुतलेला असतो. जमीन ज्या राज्यात, त्या राज्याचे जमीन-कायदे पाहावे लागतात. उत्तर प्रदेशच्या २००६ च्या महसूल संहितेने शेतजमिनीच्या वारसाक्रमात मुलीची जागा तिचं लग्न झालंय की नाही यावर ठरवली. घराला एक कायदा आणि शेताला दुसरा. परराज्यात जमीन असलेल्या मराठी कुटुंबांनी हे तपासल्याशिवाय हिशेब मांडू नये.

पाचवं तत्त्व: राखणारा मालक नसतो

पुन्हा घाटावर या. बिंदुमाधवासारख्या देवाला एखाद्याने जमीन अर्पण केली, तर मालक कोण? आपल्या कायद्यात देव ही कायदेशीर व्यक्ती आहे. १९२५ साली प्रमथनाथ मल्लिक प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते ठामपणे मांडलं. देव मालमत्ता धारण करतो, पण अज्ञान मुलासारखा. त्याच्या वतीने सेवेकरी किंवा विश्वस्त काम पाहतो. १९५६ च्या देवकीनंदन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की अशा दानाचा खरा लाभ भक्तांसाठी असतो. आणि २०२१ साली मध्य प्रदेशातल्या देवस्थान जमिनींबाबत निकाल दिला, की पुजारी हा मालक नाही. मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं. महाराष्ट्रात देवस्थान इनाम जमिनी आपल्या नावावर करून विकणाऱ्यांना हा निकाल चांगलाच लागू पडतो.

घरातलं देवघर मात्र वेगळं. आजोबांनी रोज पूजा केली म्हणून घर देवाचं होत नाही. ‘ही जागा देवाला दिली’ असं पुरतं आणि स्पष्ट अर्पण सिद्ध व्हावं लागतं. नाहीतर वाटणी टाळायला ‘हे तर ठाकुरजींचं घर’ असं म्हणणारे काही कमी नाहीत.

हेच तत्त्व घरातही लागू होतं. थोरल्या काकांनी घर राखलं, यात शंका नाही. डागडुजीचा आणि कराचा खर्च ते हिशेबात मागू शकतात. राखणदारीचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण त्याने बाकीच्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला जात नाहीत.

आणि सरकार?

मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला आणि अनुच्छेद ३००क मध्ये आला. तरी कायद्याच्या आधाराशिवाय सरकार कुणाची मालमत्ता घेऊ शकत नाही. काशीतच विश्वनाथ धामासाठी जुन्या गल्ल्यांतल्या कितीतरी इमारती विकत घेतल्या गेल्या. असं काही घडतं तेव्हा पैसा कुणाला मिळतो? ज्याचा हक्क कागदावर उभा राहतो त्याला. पिढ्यान्पिढ्या वाटणी न केलेली घरं अशा वेळी सगळ्यांनाच महागात पडतात.

तर मग, घर कुणाचं?

आता आपल्या कुटुंबाकडे वळू. घर आजोबांचं स्वकष्टार्जित. ते १९८५ साली मृत्युपत्राविना गेले. त्या क्षणी घर तिघांचं झालं: थोरले काका, धाकटे काका आणि आत्या, प्रत्येकी एक तृतीयांश. कर कुणी भरला, नाव कुणाचं लागलं, कोण कुठे राहिलं, आत्याच्या लग्नात किती खर्च झाला, यातल्या कशानेही हे गणित बदलत नाही.

थोरले काका आपला तृतीयांश विकू शकतात. पण बाहेरच्या माणसाने अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेतला, तर तो लगेच येऊन सोबत राहू लागेल असं नाही. त्याला वाटणीचा दावा करावा लागेल. आणि १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे कुटुंबातला माणूस न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा परत घ्यायचा हक्क मागू शकतो.

आणि आत्याची सही? हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं, की तिची किल्ली गेली. नुसत्या तोंडी ‘मला काही नको’ म्हणण्याने हक्क जात नाही, पण नोंदवलेल्या सहीने जातो, आणि पुढे ‘मला समजलं नव्हतं’ हे सिद्ध करणं फार अवघड असतं. आत्याला हक्क सोडायचा असेल तर तिने जरूर सोडावा. तो तिचा अधिकार आहे. पण घराची आजची किंमत किती, आपला वाटा किती, आणि आपण काय देतोय, हे माहीत असताना सोडावा. माहीत असून दिलं तर ते दान. न कळता गेलं तर ती फसगत, मग निरोप कितीही गोड असो.

तुमच्या घरात असा प्रश्न असेल तर कागद या क्रमाने काढा. मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र, म्हणजे हक्क कुठून आला. ज्यांच्या नावावर होतं त्यांचा मृत्यूचा दाखला. मृत्युपत्र आहे का, याचा शोध. सगळ्या वारसांची वंशावळ, मुलींसकट. आणि शेवटी कर-उतारा किंवा सातबारा. बहुतेक जण शेवटच्या कागदापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. हे सगळं घेऊन वकिलाकडे जा, कारण प्रत्येक घराची तारीख आणि राज्य वेगळं असतं, आणि उत्तर त्यावरच ठरतं.

पंचगंगेवरचा आकाशदीप पूर्वजांना वाट दिसावी म्हणून लावतात. त्याच कार्तिकात भाऊबीज येते. पूर्वजांनी मागे ठेवलेलं घर, आणि त्यात बहिणीची जागा, या दोन्हींची आठवण एकाच महिन्यात येते. ओवाळणीच्या ताटात काय घालायचं ते भावाच्या मनावर. वाटा मात्र तिचाच आहे. तो ओवाळणी म्हणून द्यायचा नसतो.

आज एवढंच. पुढच्या भागात मृत्युपत्र: ते साध्या कागदावर चालतं का, साक्षीदार कोण असावेत, आणि ते न केल्याने घरं कशी फुटतात. तोपर्यंत एकदा कपाट उघडा आणि घराचं मूळ खरेदीखत कुठे आहे ते बघून ठेवा. नमस्कार.